अस्सल क्रोम

"बाबा, या बंपरमध्ये बघून तुम्ही मिशी कापाल," असं बोलून जावईबापूंनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

सासऱ्यांचा जन्म गॅरेजात गेलेला. जावयाचे हात फक्त जेवायच्या कामाचे, हे त्यांचं ठाम मत. जावयाने ठोकलेली फळी भांड्यांसकट सासूबाईंच्या पायाशी उतरली, तेव्हापासून तर घरात हातोडी लपवून ठेवत. म्हणून सासऱ्यांच्या पहिल्या गाडीचं वीतभर प्लास्टिकचं मॉडेल जोडायचं, बंपरला आरशासारखं चकाकणारं क्रोम चढवायचं आणि म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा तरी "वा, जावईबापू" ऐकायचं, असा जावईबापूंनी चंगच बांधला होता.

तसं काम सोपं. आधी चकचकीत काळा रंग, तो कडक वाळला की वर क्रोमचा अगदी पातळ फवारा. पण धुळीचा एक कण बसला, की सगळी मेहनत मातीत. घरात सर्वांत कमी धूळ बाथरूममध्ये. काळा रंग वाळलेला बंपर घेऊन जावईबापू आत शिरले आणि त्यांनी कडी लावली. बाथरूम घरात एकच होतं.

"अरे, किती वेळ?" बायकोने दार ठोठावलं.

"दार वाजवू नकोस, धूळ उडते."

"बाबा टॉवेल गुंडाळून उभे आहेत."

"मग त्यांना हलू नका म्हणावं. टॉवेलचे धागे उडतात."

शेवटी सासरे तसेच, टॉवेलवर, जिना उतरून शेजाऱ्यांकडे अंघोळ करून आले. जिन्यात भेटेल त्याला त्यांनी कारणही सांगितलं.

पण बंपर असा झाला म्हणता! सासूबाईंनी त्यात बघून केस नीट केले. सासऱ्यांनी चष्मा पुसला, मॉडेल खिडकीपाशी नेलं, उलटसुलट पाहिलं.

"वा," ते म्हणाले. जावईबापूंचा ऊर भरून आला.

"कुठल्या दुकानातून आणलंत?"

"आणलं नाही, बाबा. मी केलंय."

"हे धातूचं आहे. बंपर घासण्यात हयात गेली माझी, मला शिकवता?"

बायको जवळ सरकली. "खरं सांग, मग इतका वेळ कडी लावून आत काय करत होतास?"

जावईबापूंचं डोकंच फिरलं. "अहो, प्लास्टिक आहे ते! नुसता हात लागला तरी क्रोम निघतं. हे बघा." आणि त्यांनी बंपरवरून अंगठा फिरवला.

मधोमध करडा पट्टा उमटला, अंगठ्याच्या रेघांसकट. क्रोम अंगठ्याला आलं होतं.

सासऱ्यांनी बंपर पाहिला, अंगठा पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता पटलं," ते म्हणाले. "हे काम तुमचंच."