प्रेमदासभाऊंच्या अंगणातला हायड्रोजन

हायड्रोजन तयार करणं यात अवघड असं काही नाही. मला विचारा! मोठमोठे लोक त्यासाठी परिषदा भरवतात, बाटलीतलं पाणी पितात आणि उठून जातात. आम्ही कळमनुरीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर एक निळा ड्रम, शेजारच्या हिरासिंगच्या लग्नात उरलेला भात आणि थोडं उकळलेलं शेण एवढ्यावर भागवलं.

होय, उकळलेलं! ज्या पातेल्यात ते उकळलं त्याच्याबद्दल आमच्या घरात अजून कुणी बोलत नाही.

कल्पना माझी पुतणी निलम हिची. ती नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. "काका, शेणात दोन जातींचे जंतू असतात. एक जात उष्टं खाऊन गॅस सोडते, दुसरी तो गॅसच खाऊन टाकते. उकळलं की खाणारे मरतात. सोडणारे चिवट, ते जगतात."

आमच्या हिंगोलीच्या ऑफिसात नेमकं उलटं आहे. पण ते असो.

खरा पेच होता तो निलमच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. प्रेमदासभाऊंनी जाहीर करून टाकलं होतं, "उद्या सेनगावकडचे पाव्हणे पोरगी बघायला येऊन राहिले. त्याच्या आत मला गॅस दाखीव. दाखवला तर पीएचडी कर न्हाई तर आणखी काय कर. न्हाई दाखवला तर मुकाट साडी नेसून बस!"

भाऊंचा शब्द म्हणजे वाळलेलं हळकुंड. मोडेल, पण वाकणार नाही.

मी छाती ठोकून म्हणालो, "निलम, काहून भेतीस? मी हाय ना!"

"म्हणूनच तर लेकरू भेऊन राहिलं," आमची नानीबाई म्हणाली. नानीबाई म्हणजे माझी बायको. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, फक्त तो कशाबद्दल आहे हे तिने कधी सांगितलेलं नाही.

यंत्र साधंच होतं. ड्रमच्या झाकणातून एक नळी निघून चुन्याच्या निवळीच्या बाटलीत शिरत होती, आणि बाटलीतून दुसरी नळी फुग्यात. नको असलेला वायू चुन्यात अडकणार आणि हायड्रोजन फुग्यात जाणार. फुगा भरला की निलम सुटली!

दुपारी बाटलीत ताजी निवळी भरून निलम फुगा आणायला घरात गेली आणि मला वाटलं, हे जंतू तरी दिसतात कसे? ड्रमची कडी काढून मी आत डोकावलो. जंतू दिसले नाहीत. वास मात्र असा आला, की शेजारची शेळी उठून दुसऱ्याच्या अंगणात राहायला गेली! मी घाईने झाकण लावलं. कडी काही नीट बसेना, पण बसल्यासारखी दिसत होती. ऑफिसात आम्ही एवढ्यालाच काम झालं म्हणतो.

तोवर नानीबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की मिक्सर, हळदीशिवाय सुरू होत नाही. तिने ड्रमला बोटं लावली आणि समोर पाण्यासारख्या निवळीची स्वच्छ बाटली दिसली तेव्हा तिला कलश समजून बूच काढून हळदीची चांगली सढळ चिमूट आत सोडली.

बाटली लालभडक!

"रगत!" कुणीतरी किंचाळलं. तो मीच होतो.

तांडा गोळा झाला. थावरामामा पेटती बिडी घेऊन धावत आले. "मामा, बिडी फेका आधी!" निलम बाहेर येत ओरडली. मामांनी बिडी टाकली ती माझ्या चपलेवर.

"देवी मरियामा कोपली," भाऊ हात जोडून म्हणाले. "फेका हे समदं!"

"अवो बापू, हळदीत चुना पडला की लालच होती!" निलम म्हणाली. "कुंकू कशाचं करत्यात?"

"मला हळद शिकवतीस व्हय? व्हती लाल, बराबर. पन लाल झालेली परत पिवळी झाली का कधी?"

निलमचे डोळे चमकले. "झाली तर?"

"झाली तर पाव्हण्यांना आत्ता फोन लावतो, येऊ नका म्हनून!"

निलमने बूच घट्ट बसवलं, नळीला फुगा लावला आणि माझ्या कानात म्हणाली, "काका, ड्रममधला दुसरा वायू चुन्याला मारतो. चुना मेला की हळद पिवळी. फक्त बुडबुडे यायला पाहिजेत."

सगळे बाटलीकडे बघत बसले. बुडबुडा नाही. बाटली लाल, निलम पांढरी. भाऊंनी खिशातला फोन काढला, बघितला आणि सावकाश परत ठेवला.

"सकाळी तर धडाधड येत व्हते!" निलम म्हणाली. तिने झाकणाला कान लावला. फुस्स! "कुणी उघडलं हे?"

मी आभाळाकडे बघितलं. आभाळ छान होतं.

"अवो, वर काय बघता?" नानीबाईने ओळखलंच. "बसा त्याच्यावर!"

"कशावर?"

"झाकणावर! खुर्चीत बसून आजवर काय केलं? इथं बसून तरी काही होतं का बघू!"

मी चढून बसलो. फुसफुस थांबली. आणि बाटलीत आला की हो एक बुडबुडा! मग दुसरा! मग तर अशी रांग लागली, जशी गूळ सांडल्यावर मुंग्यांची! लालाचा झाला विटकरी, विटकरीचा नारिंगी, आणि चहा फिरून संपेपर्यंत बाटली गढूळ पण पिवळीधम्मक!

तांडा ओरडला. नळीच्या टोकाला फुगाही गाल फुगवायला लागला. भाऊंनी फोन लावला, "पाव्हणं, तकलीफ घेऊ नका. पोरगी शिकून राहिली!" आणि निलमच्या डोक्यावर हात ठेवून दुसरीकडे तोंड फिरवलं. मी आनंदाने उठायला लागलो.

"काका, उठू नका! फुगा भरून राहिला!"

मग मटण शिजलं, पंगत बसली, हसणं-खिदळणं झालं. मी ड्रमवर.

निलमला पुढे पीएचडीला प्रवेश मिळाला. तिच्या प्रबंधात त्या दिवसाचा फोटो छापलाय. प्रत्येक भागाला बाण मारून नाव दिलंय. ड्रम, नळी, निवळी, फुगा. संशोधनातलं माझं योगदान बघायला मी चष्मा लावला. माझ्याकडेही एक बाण होता.

त्यावर लिहिलं होतं, "वजन".