हात वगळून चाळीस फोटो

"हजारातून चाळीस फोटो निवडायचे, त्यात काय एवढं? अर्ध्या तासाचं काम!" जुईलीने नवऱ्याला, शेखरला, ठणकावून सांगितलं. संख्याशास्त्रात पदवी घेतलेल्या बाईला चाळीसचा आकडा काय भीती घालणार!

त्यांच्या लेकाचं, अमोघचं, बोरन्हाण मारुंजीत, घरमालकीण रंभाबाईंच्या गच्चीवर झालं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांचा वर्षाव आणि पौडच्या कैलासने काढलेले एक हजार एकशे बारा फोटो! त्याने नमुन्याचे बारीक फोटो फोनवर पाठवले होते. अल्बममध्ये मावणार चाळीस.

"ताई, उद्या बाराच्या आत नंबर कळवा," कैलासने बजावलं होतं. "दुपारी नेऱ्यात लगीन हाय. कार्ड रिकामं करावं लागंल. मग मूळ फोटो गेले म्हणून समजा!"

जुईलीने नियम केले. धूसर फोटो बाद. डोळे मिटलेले बाद. रडके बाद. उरले तीनशे सहा. मग चौथा नियम: फोटोत अमोघ एकटाच हवा. दुसऱ्या कुणाचा हात आला की बाद!

उरले शून्य.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रत्येक फोटोत कधी काखेत, कधी मानेमागे, कधी पाठीला पोळपाटासारखा लावलेला, हिरव्या बांगड्यांचा एक हात होताच. रंभाबाईंचा! पण त्यांचा काय दोष? सात महिन्यांचा अमोघ नुकता बसायला लागलेला. अर्धवट भरलेल्या पोत्यासारखा कुठल्या बाजूला कलंडेल, नेम नाही. "मावशी, एक क्षणही सोडू नका हं त्याला!" असं जुईलीनेच सतरा वेळा बजावलं होतं.

शेवटी तिने त्या तीनशे सहांतलेच चाळीस नंबर कैलासला कळवले आणि हळूच विचारलं, "यातले हात पुसता येतील?"

"हात काय ताई, म्हणाल तर मागची पाण्याची टाकी पुसतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला चाळीस फोटो हजर. शेखरने उत्साहाच्या भरात, न बघताच, घरच्या ग्रुपवर ढकलले. जुईलीने पहिला उघडला आणि अशी किंचाळली, की शेखर अर्धी दाढी तोंडावर घेऊन धावत आला.

हात गेले होते. अमोघ मात्र होता तस्साच होता! एका फोटोत टेम्पोने ठोकलेल्या विजेच्या खांबासारखा तिरका. दुसऱ्यात पाटाच्या वीतभर वर, अधांतरी, हसत. तिसऱ्यात तर डोक्यावर आपटायच्या बेतात, आणि आसपास चिटपाखरू नाही!

फोन वाजला. परभणीहून सासूबाई, शारदाताई.

"अगं जुईली, लेकरू पडायलंय अन् तुम्ही फोटो काय काढायलात!"

"आई, तो पडत नाहीये..."

"मग काय उडायलाय? हे बघ, बाबा बॅग भरायलेत!"

मागून सासरे गरजले, "दुपारच्या गाडीनं निघालो म्हणावं!"

"अहो आई, त्याला धरलं होतं!"

"कुणी? मला तर कुणी दिसंना. चाळीसच्या चाळीस फोटो मोठे करून पाहिले. एवढ्या मोठ्या गावात माझ्या नातवाला धरायला एक माणूस नव्हतं का?"



"होतं ना! रंभामावशी होत्या. सगळ्या फोटोंत होत्या. मी... मीच त्यांना पुसायला लावलं."

सासूबाई म्हणाल्या, "परत आण त्यांना."

घड्याळात बाराला पाच कमी! कैलासने फोन उचलला तेव्हा मागे बँड सुरू झाला होता.

"कैलासदादा, कार्ड रिकामं करू नका!"

"काय? बोट बटनावरच हाय ताई!"

"काढा ते बोट!!"

बोट निघालं. लग्नासाठी कैलासने कुणाकडून तरी दुसरं कार्ड मागून आणलं आणि दुसऱ्या दिवशी मूळ फोटो पेनड्राइव्हवर जुईलीच्या हातात ठेवले. लॅपटॉपवर तिने एकूण एक फोटो पाहिले, बाद केलेलेही. आणि एका धूसर फोटोवर ती थबकली.

त्यात अमोघ खरोखरच पाटावरून सुटला होता. डोकं खाली, पाय वर! रंभाबाई कबड्डीतल्या गड्यासारख्या आडव्या झेपावलेल्या. एक हात त्याच्या डोक्याखाली, दुसरा कमरेला. बोरांचं ताट हवेत. आणि कोपऱ्यात एक बाई पाठमोरी, पाहुणीला हळदीकुंकू लावण्यात गुंग. ती जुईली! सात महिने डोळ्यांत तेल घालून बसलेल्या आईला नेमकं तेवढंच दिसलं नव्हतं.

लॅपटॉप कवटाळून ती धावत खाली गेली. रंभाबाई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

"मावशी, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करायचं? पुन्यांदा त्येला भुईला टेकू दिलं नसतंस तू!"

"तुम्ही नसता तर..." जुईलीचे डोळे भरून आले. "मावशी, अल्बमच्या पहिल्या पानावर हाच फोटो. मोठ्ठा!"

रंभाबाईंनी डोळे बारीक करून फोटो न्याहाळला.

"अगं बया! त्वांड कसं वासलंय माझं! ह्यो न्हाई चालायचा. बोलीव त्या कैलासला. पोराला पाटावर बसव अन् जरा कलता सोड. ह्या बारीला पदर खोचून, त्वांड मिटून झेलते बघ!"