भैयाजींनी ब्रेकर बांधला

घुग्घुसच्या खाणीच्या चाळीत वीज येऊन महिनाही झाला नव्हता, तरी भैयाजी ती आपल्या घरात पिढीजात असल्यासारखे बोलत. खाणीच्या गोदामावर ते कामाला होते. गोंडपिपरीचे नानाजी आपल्या मुलासाठी त्यांच्या लेकीला, वच्छलाला पाहायला येणार, हे कळताच भैयाजींनी बायकोला फर्मावलं, "गुणाबाई, आज चूल पेटवाची नाई. पाहुण्यायले बिजलीवरचा चहा पाजू. असा थाट पाह्यल्यावर कोण नाई म्हणन पोरीले?"

बाबूभाईच्या दुकानातून त्यांनी पंखा मागून आणला, शेजाऱ्याचा रेडिओ उचलला आणि साहेबाच्या खानसाम्याला लाडीगोडी लावून विजेची शेगडीही मिळवली.

दिवेलागणीला नानाजी, सुगंधाबाई आणि त्यांचा मुलगा लटारू येऊन टेकले. भैयाजींनी बटणं दाबली. पंखा असा सुटला की नानाजींची टोपी थेट न्हाणीघरापर्यंत गेली. रेडिओ खाकरू लागला. "हे तं काईच नाई," म्हणत भैयाजींनी शेगडी लावली.

बाहेर खट् आवाज झाला आणि अख्खी चाळ अंधारात गेली.

चाळीच्या तोंडाशी खांबावर ब्रेकरची पेटी होती. चाळीनं तारांना झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढली की पेटीबाहेरची दांडी खाली पडे आणि वीज बंद होई. भैयाजी धावत गेले, स्टुलावर चढून दांडी वर केली. दिवे लागले. पाहुणे 'वा' म्हणणार तेवढ्यात पुन्हा खट्.

"दांडी कमजोर निघाली," भैयाजी पुटपुटले. घरातून खाटेची सुतळी आणून त्यांनी दांडी वर केली आणि खांबाला अशी आवळली, जशी काही मारकी म्हैसच होती. दिवे लागले. ते हात झटकत खाली उतरतात तोच पुन्हा अंधार. दांडी मात्र जागची हलली नव्हती.

"पाहा, दांडी वरच आहे," त्यांनी जमलेल्या चाळकऱ्यांना दाखवलं. "म्हणजे भानगड पॉवर हाऊसमंधी आहे. चला सगळे."

मोर्चा पॉवर हाऊसवर गेला. तिथे लखलखाट होता आणि त्याच उजेडात वायरमन मुश्ताकभाई भाकर खात बसले होते.

"मशीन तं मस्त चालून राह्यली, भैयाजी."

"मंग आमच्या इथी अंधार काऊन?"

मुश्ताकभाई हात धुऊन निघाले. वाटभर भैयाजी त्यांना पॉवर हाऊस कसं चालवायचं ते समजावत होते.

चाळीच्या वळणावरून पेटीचा खांब दिसला. स्टुलावर वच्छला उभी होती आणि दातांनी सुतळीची गाठ सोडत होती. लटारूनं कंदील उंच धरला होता. त्याची नजर गाठीवर नव्हती. सुगंधाबाई खालून विचारत होत्या, "दांडी तं वरच होती पोरी, मंग बिजली गेली कशी?"

"दांडी बांधली तरी आतला खटका सुटतेच, आई. लई वीज ओढली की तारा तापतात. घर पेटू नये म्हणून त्याले बनवलाच तसा. मी शेगडी काढून टाकली. आता दांडी पुरी खाली ओढाची अन् मंग वर कराची."

"तुले कोणं सांगतलं हे?"

"मुश्ताकभाईनं. पेटी बसवली तवा सगळ्या चाळीले सांगत होते. बाबा तवा पान आणाले गेले होते."

तिनं दांडी खाली ओढून वर केली. चाळ उजळली आणि तशीच राहिली.

भैयाजींनी घसा साफ केला. "पाह्यलं नानाजी? मी जाऊन पॉवर हाऊसवाल्यायले असा दम देल्ला की झटक्यात लाइन आली."

मुश्ताकभाईंना त्याच वेळी नेमका खोकला आला.

घरात गुणाबाईनं केव्हाच चूल पेटवली होती. कोपऱ्यात शेगडीच्या तारेचं वेष्टण काळं पडून वितळलं होतं आणि जळका वास सुटला होता. नानाजींनी ती तार निरखून पाहिली, मग बशीतला चहा फुर्र करून संपवला आणि म्हणाले, "पोरगी पसंत आहे आमाले. लटारूले तं कवाचीच आहे. फक्त लग्न आमच्या गावाले लावू."

"हे कसं चालन?" भैयाजी उसळले. "मी इथी मांडवभर रोषणाई करतो न!"

"म्हणूनच," नानाजी म्हणाले. "आमच्या गावाले अजून बिजली आली नाई."