सिरसाटकाकांचं न संपणारं विमान

धाराशिवच्या आमच्या गल्लीत गोळ्यांची रिकामी पाकिटं कुणी कचऱ्यात टाकत नाही. ती सिरसाटकाकांकडे जमा होतात. रक्तदाबाच्या गोळीची चांदी पातळ आणि पित्ताच्या गोळीची जाड, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. पातळ चांदीचे ते विमानाला पत्रे लावतात.

विमान म्हणजे हातभर लांबीचं लढाऊ जेट. काका एसटीत कंडक्टर होते, तेर गावच्या गाडीवर. रिटायर झाल्यावर घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचे. म्हणून त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा एक खोका पाठवून दिला. प्रज्ञा हवाई दलात आहे, विमानांची देखभाल करणाऱ्या तुकडीत. काकांनी आठवड्याभरात विमान जोडलं आणि तेव्हापासून ते त्यात सुधारणा करतायत.

"झालं का हो काका?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "फायनल न्हाय अजून."

एकदा विमानाच्या नाकावरची नळी जाड वाटली म्हणून डॉक्टरांकडून इंजेक्शनची सुई आणली. पायलटच्या पट्ट्यांसाठी माझ्या ब्लाउजची लेस गेली. मग एका सकाळी चहा गाळायला घेतला तर गाळण्याला रुपयाएवढं भोक! काका दारातच उभे होते.

"ताई, हवा आत शिरती तिथं जाळी पायजे हुती. तुमची जाळी लई बारीक, येकदम बरूबर बसली."

माझ्या गाळण्याचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, त्यामुळे भांडायचं राहून गेलं. नवं गाळणं मात्र मी डब्यामागे लपवून ठेवते.

राखाडी रंग दिल्यावर आमचे हे म्हणाले, "वा काका, शोरूममधून आणल्यासारखं दिसतंय." काकांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते चमचा घेऊन आमच्या बंबाची काजळी खरवडत बसले.

"शोरूममदलं इमान म्हंजे कुणी हात न लावल्यालं. माझ्या पोरीचं इमान रोज उडतंय. धुराड्यापाशी काळं नगं व्हय?"

महिनाभर त्यांनी कापसाच्या बोळ्यानं ते विमान मळवलं. मग माझ्या सासूबाई त्यांना शेंगदाण्याची चटणी द्यायला गेल्या. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. बाईमाणूस नसलेल्या घरात बुद्धमूर्तीशेजारी असली घाण वस्तू बघून त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी ओल्या फडक्यानं विमान लख्ख पुसून दिलं. काका संध्याकाळपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मावशी, हात लई साफ हाय तुमचा."

मग यंदाच्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर माणसं किंचाळायला लागली आणि प्रज्ञाचा फोन बंद झाला. त्या सकाळी बघते तर काकांनी विमानाचा सगळा रंग पॉलिशपेपरनं घासून काढलेला. चाकं काढली, बसवली, परत काढली. सुरी मागायला आले, मग दोरा मागायला, मग दोरा परत द्यायला. डोळे सारखे हातातल्या फोनवर. मला आधी वैताग आला, भाजी जळत होती. मग गॅस बंद करून मी बाहेर आले.

"काका, ती काही विमान उडवत नाही. ती तर खालीच असते ना?"

"खालीच असती. पर इमान वर गेलं की त्ये परत येस्तोवर हुबीच असती ताई. बसवत न्हाय म्हणती." एवढं बोलून ते विमानाचं चाक घासत परत गेले.

दोन दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला, तेव्हा ते आमच्या ओट्यावर सुरी परत द्यायला आले होते. गाडीच्या खडखडाटानं कान गेलेले, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. एका खिळ्यावर तासभर बोलणारा हा माणूस फोन दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"हां... हां... बरी हायस न्हवं?"

"बरी हाय बाबा. लई बोलता यायचं न्हाय. तुमी जेवला का?"

"व्हय की! शेपूची भाजी केलती. दोन भाकरी खाल्ल्या."

"आन् इमान?"

"झ्याक हाय. तू जप."

फोन कट झाला. काकांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, भाकरी हाय का एखादी? शिळी बी चालंल. परवापासनं गॅसच पेटवला न्हाय म्या."

मी आत जाऊन परातीत पीठ घेतलं.