चुरी मॅडमची परवानगी

चुरी मॅडम रबरी पुतळ्याचीसुद्धा परवानगी घेत. पालघरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात सरावासाठी माणसाएवढा पुतळा होता. मॅडम दारावर टकटक करून त्याच्यापाशी जात, "आजोबा, मी चुरी. चादर बाजूला करू का?" म्हणत, आणि उत्तरासाठी चक्क थांबत. आम्ही चाळीसजणी वह्यांत तोंड खुपसून हसायचो.

त्या नीतिशास्त्र शिकवत. पुस्तक क्वचितच उघडत. "पेशंट म्हणजे खाट नंबर नव्हे, बाई!" हे मात्र दिवसातून दहादा. एकदा मी पुतळ्याला न विचारता सुई टोचली, तर त्याची लेखी माफी मागायला लावली. खाली मॅडमनी स्वतःच लिहिलं, 'आजोबांनी माफ केलं.'

दुसऱ्या वर्षी वॉर्डात दांडी गावच्या एक कोळीण आजी आल्या. साखरेमुळे पाय सडला होता, कापायचं ठरलं. "आईला सांगू नका, घाबरेल," मुलगा म्हणाला. मला संमतीच्या कागदावर आजींचा अंगठा घ्यायला पाठवलं. "मलमपट्टीचा कागद आहे म्हणून सांग," वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या.

शाईचा पॅड घेऊन मी खाटेपाशी उभी राहिले.

"काय लिवलंय गो यात?" आजींनी विचारलं.

माझ्या तोंडून खोटं निघेना. बाहेर येऊन मी मॅडमना फोन लावला.

मॅडम आल्या, स्टुलावर बसल्या आणि आजींना सगळं खरं सांगितलं. आजी खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पाय माजा हाय ना? मंग मना इचारल्याबिगर कसा कापताव? आदी माजे पोरीला बोलवा."

मुलगी कुंभवलीहून संध्याकाळी आली. तिचा हात धरून आजींनी स्वतःहून अंगठा दिला.

डॉक्टर माझ्यावर भडकले. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "आजींना मी सांगितलं. हिला काय विचारता?" ते मॅडमच्या नोकरीवर बेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आज मी बोईसरला सिस्टर आहे. त्या मध्ये पडल्या नसत्या तर कॉलेजातून माझं नाव तेव्हाच कटलं असतं.

ऑपरेशननंतर मॅडम रोज आजींपाशी बसत. एका दुपारी मी शेजारची खाट आवरत होते.

"तुज्या घरी कोन कोन हाय गो?" आजींनी त्यांना विचारलं.

वर्गात एकाही प्रश्नाला न अडखळणाऱ्या मॅडम सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिल्या.

"पोरी हायेत," अखेर म्हणाल्या. "चाळीस."

माझ्या हातातली उशी काही केल्या अभ्र्यात जाईना.