रेंजच्या दगडावरचे गणबाअण्णा

गणबाअण्णा माणूस भेटला की नमस्कार करत नाहीत. "जीभ काढ," म्हणतात.

आणि माणूस काढतो, हीच खरी गंमत. पंचायतीचा अध्यक्ष काढतो, जत्रेला आलेला पाहुणा काढतो. एकदा जंगल खात्याचे नवे साहेब जीप थांबवून वाट विचारायला उतरले. त्यांना मराठीचा गंध नव्हता, तरी अण्णांचे हातवारे पाहून त्यांनी भर रस्त्यात, शिपायादेखत, जीभ बाहेर काढली. अण्णांनी ती डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली आणि निकाल दिला, "पाणी कमी पडूलंय. बसून पीत जावा." मग त्यांनी वाट दाखवली. ती चुकीची होती.

हे वैद्यक अण्णा शिकले कुठं? तर रेंजच्या दगडावर.

आमचं गाव जोयड्याहून अणशीकडं जाताना, डांबरी सोडून रानात आत. घरात फोन वाजत नाही. गावावरच्या टेकाडावर एक काळा दगड आहे, त्यावर चढायचं, गणेशगुडीच्या दिशेला तोंड करायचं, फोनचा हात आभाळात धरायचा आणि स्पीकर लावून ओरडायचं. खालून बघणाऱ्याला वाटेल, माणूस देवाला गाऱ्हाणं घालतोय. "कमरेत! अगं कमरेत दुखूलंय! खाली न्हवं, कमरेत!" गोव्यातल्या लेकीला सांगितलेली कंबर आख्ख्या दरीला कळते.

म्हणून गावानं एक रीत पाडली आहे. दगडावर कुणी बोलत असेल तर बाकीच्यांनी जांभळीखाली थांबायचं, दगडाकडं पाठ आणि दरीकडं तोंड करून. ऐकू सगळं येतं, पण पाठ केली की ऐकलं नाही असं धरायचं. खाली उतरल्यावर विषय काढायचा नाही. आणि बोलणाऱ्याला मधे तोडायचं तर मुळीच नाही. आमच्यात जेवत्या माणसाला उठवत नाहीत, तसंच हे.

ही रीत न पाळणारे एकटे गणबाअण्णा. सागवानाच्या लागवडीवर राखणदारी करून ते घरी बसले, म्हणजे या दगडाच्या पायथ्याशी बसले. डोक्यावर घोंगड्याची खोळ, हातात काठी, तोंड वाटेकडं आणि कान दगडाला. वाट दगडाच्या शेजारूनच वर येते, त्यामुळं येणाऱ्याला आधी अण्णा दिसतात आणि अण्णांना येणाऱ्याची जीभ.

गोव्याच्या, बेळगावच्या डॉक्टरांनी गावातल्या कुणालाही फोनवर सांगितलेलं पथ्य अण्णांच्या कानांवरून जातं. ते त्यांना तोंडपाठ असतं. फक्त कुठलं पथ्य कुणाचं, याचा घोळ होतो. सुताराच्या पार्वतीला थायरॉइडसाठी डॉक्टरांनी कोबी कमी करायला सांगितला. अण्णांनी ते गुडघेदुखीवाल्या विठोबाला दिलं. त्याचा गुडघा योगायोगानं थांबला. मग काय! खोकला? "कोबी बंद." केस गळतात? "कोबी बंद." झोप नाही? "खरं सांग, कोबी खाल्लास व्हय?" माझं किराणा-भाजीचं दुकान आहे. त्या हंगामात रामनगरच्या बाजारातून आणलेला कोबी मी अखेर गाईला घातला. अण्णा येऊन गाईची जीभ बघून गेले.

आता इथं थोडं गंभीर व्हायला हवं. आमच्याकडं माणूस रोगानं कमी मरतो, वाटेत जास्त. काही झालं की दगडावर पळायचं, जोयड्याहून जीप बोलवायची, ओढा उतरण्यासारखा असला तर ती येणार, मग पुढं हॉस्पिटल. गावात ज्यांच्या फोटोंना हार आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचं औषध हॉस्पिटलात तयार होतं. माणूस तेवढा पोचला नाही.

अण्णांची बायको गंगव्वा त्यातलीच. गवताच्या गंजीत हात घातला आणि साप चावला. जीपला उशीर झाला, पोहोचता पोहोचता संपलं. गावानं चार दिवस जीपवाल्याला शिव्या घातल्या, मग भाताची कापणी आली.

त्यानंतरच अण्णा दगडापाशी बसायला लागले आणि त्यांना दुसरी खोड जडली. वाटेनं कुणी वर आलं की जिभेनंतरचा प्रश्न ठरलेला, "घरात सगळी बरी हायत न्हवं?" बरी असली तर जांभळीखाली जा. नसली तर अण्णा उठायचे आणि दगडावर जो कोण बोलत असेल त्याला हाताला धरून खाली ओढायचे. वाक्य अर्धं असो, रडणं अर्धं असो. "तुझं थांबतंय. ह्याच्या घरातला ताप थांबत न्हाई. उतर!"

मी स्वतः ओढला गेलो आहे. जत्रेतल्या नाटकात मी वर्षानुवर्षं राजा होतो, म्हणून अण्णा मला 'राजे' म्हणतात. त्या वर्षी बेळगावकडची एक नटी राणी व्हायला जवळजवळ तयार झाली होती. मी दगडावर उभा राहून, हात आभाळात धरून, तिची मनधरणी करत होतो. "बाई, तुमच्यावाचून दरबार ओस आहे," इथपर्यंत आलो आणि पाय सुटले. खाली बघतो तर अण्णा.

"राजे, उतरा. शांतीच्या पोराला उचकी लागलीया."

"अण्णा! उचकी?"

"सकाळपास्नं हाय. कशाची उचकी, कुणाला ठावं?"

शांती फोनला हात लावेपर्यंत पोराची उचकी थांबली. नटीचा फोन पुन्हा लागला नाही. त्या वर्षी राणी झाला आमचा सुतार. मिशी काढायला तयार नव्हता, म्हणून राणीनं सगळा खेळ पदर तोंडाला लावून केला.

सूड म्हणून पुढच्या जत्रेत मी दोन अंकांच्या मधे घोंगडं पांघरून 'रेंज डाक्टर' रंगवला. लोक हसून लोळले. अण्णा पुढच्याच रांगेत होते. पडदा पडल्यावर मागं आले आणि म्हणाले, "बरं केलास. खरं हात चुकला बघ. मी डाव्या हातानं वडतो. उजव्यात काठी असती."

मग गावात टॉवर आला. नारळ फुटला, घराघरात फोन वाजायला लागले आणि दगड एका दिवसात ओस पडला. आता लोक आपापल्या माजघरात कुजबुजत आजारी पडू लागले. राहिला एक पांडू. त्याचं घर टेकाडाच्या पलीकडं, खोलगटात. तिथं टॉवरची रेंज पोचत नाही. तो रोज मागच्या पायवाटेनं चढून दगडावर यायचा आणि गोव्यातल्या नातवाशी बोलायचा. त्याच्या एकट्यासाठी अण्णा पायथ्याशी हजर.

"अण्णा, आता घरात बसा की," मी म्हणायचो. "सगळ्यांकडं रेंज हाय."

"टॉवर करंटवर चालतो न्हवं?" अण्णा म्हणायचे. "आमच्या करंटचा भरवसा हाय व्हय तुला? बसूदे मला. पाय मोकळं होत्यात."

दोन पावसाळ्यांमागं आषाढात झाडं पडली, तारा तुटल्या, टॉवर मेला. गाव पुन्हा दगडावर. त्याच दिवसांत एका सकाळी माझी थोरली बहीण, अक्का, चुलीपुढं बसली होती. तिनं मला हाक मारली, पण ती हाक नव्हती. बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजव्या हातातून फुंकणी गळून पडलेली. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? वाटलं, माझीच नक्कल करते आहे. मग तिचे डोळे बघितले.

टेकाड कसं चढलो ते आठवत नाही. वर पोचलो तर समोर पाठीच पाठी. इरली, प्लास्टिकचे कागद, छत्र्या. सगळ्यांची तोंडं दरीकडं. दगडावर पांडू, हात आभाळात, "बाळा, शाळंत जातास न्हवं रोज?" चाललेलं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा मी राजा, माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. एकही पाठ वळली नाही. रीतच तशी.

त्या सगळ्यात एकच तोंड माझ्याकडं होतं. अण्णांनी जीभ विचारली नाही. घरात सगळी बरी आहेत का, तेही विचारलं नाही. त्यांनी काठी टाकली, डाव्या हातानं पांडूला असा ओढला की तो चिखलात बसला, आणि म्हणाले, "चढ."

मला नंबर लावता येईना. माझा फोन घेऊन अण्णाच वर चढले. म्हाताऱ्याचा आवाज दरी फोडून गेला, "जीप पाठीव! आत्ताच्या आत्ता! कोण ते मागनं सांगतो, आधी चावी फिरीव!"

खाली पांडू बोंबलत होता, "माझ्या नातवाचा फोन तोडलास रं! तुला माणुसकी हाय का न्हाई? बायको गेल्यापास्नं डोस्कं फिरलंय तुझं!"

अण्णा खाली उतरले. त्यांनी चिखलातला फोन उचलला, धोतराला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

ओढा अजून चढला नव्हता. जीप आली, अक्का पोचली, अक्का वाचली. तिचा उजवा हात गेला. बोलणं आता मला तेवढं कळतं, इतरांना नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आमच्या गावातल्या माणसाला हे वाक्य कुणी ऐकवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही परत आलो तोवर टॉवरही जिवंत झाला होता. अक्कानं डाव्या हातानं खुणा करून मला कणगं उकडायला लावली, आमच्याकडच्या रानमातीतला हा गोडसर कंद. "गण... गणबा," म्हणाली. मी पुडी घेऊन वर गेलो. जांभळीखाली कुणी नव्हतं. अण्णा एकटेच पायथ्याशी.

"जीभ काढ."

मी काढली.

"झोप न्हाई तुला. अक्का काय म्हणत्या?"

सांगितलं. ते ऐकून अण्णांनी एक कणग सोललं, खाल्लं नाही, हातातच धरून बसले. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही पांडूला वडला नसता तर मी पाठ करून उभाच राहिलो असतो. तोंडच उघडत नव्हतं."

"मी ऱ्हायलतो की," अण्णा म्हणाले.

मला कळलं नाही.

"गंगव्वाला चावलं तवा. पळत आलो. वर पांडू बोलूलाता. त्याला नातू झालता, पहिला. नाव काय ठेवायचं म्हणून लेकीसंगट हसूलाता. येवढा हसणारा माणूस, त्याला मधी कसं तोडायचं? मी गेलो जांभळीखाली. पाठ केलो. म्हटलं, आता संपंल." अण्णांनी हातातलं कणग फिरवून बघितलं. "लई नावं घेतली त्यानं. एक बी पसंत पडंना."

खाली गावात कुणाच्या तरी घरात फोन वाजला आणि लगेच उचललाही गेला.

"मग तो पलीकडच्या वाटंनं घरला गेला. त्यानं मला बघितलंच न्हाई. मग मी चढलो."

"पांडूला ठाऊक नाही?"

"न्हाई."

"अण्णा, तो तुम्हाला वाटेल ते बोलतो! सगळ्या गावादेखत..."

अण्णांनी काठी उचलून माझ्यावर रोखली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वैद्याचा नव्हता. "सांगशील तर बघ, राजे. आधीच त्याला पित्त हाय. जिवाला लावून घेईल. नातवाला हाक मारताना तेच आठवंल त्याला. न्हाई सांगायचं."

इतक्यात मागच्या पायवाटेनं दम खात पांडू वर आला. त्या दिवसापासून त्यानं अण्णांशी बोलणं टाकलं होतं. आमच्याकडं न बघता तो दगडाकडं निघाला.

"पांडू," अण्णा म्हणाले, "घरात सगळी बरी हायत न्हवं?"

"हायत," पांडू गुरगुरला.

"नातवाचा खोकला?"

पांडू थांबला. "हाय जरा."

"चढ तर. नीट इचार त्याला. सावकाश बोल," अण्णा म्हणाले. "कोण न्हाई मागं. मी बघतोय."