हलकं तेवढं महाग

दामू कोणतीही वस्तू पहिले हातावर तोलते, मंग डोळ्यानं पाहते. बाकीची दुनिया उलटं करते अन् म्हणूनच फसते, असं त्याचं म्हणणं. कोथिंबिरीची जुडी तं सोडाच, लग्नाची पत्रिका आली तरी तो ती तळहातावर खालीवर करते अन् म्हणते, "कागद भारी लावला. म्हणजे जेवणात हात आखडला असन." अन् पंगतीत बसल्यावर वरण खरंच पातळ निघते. एकदा गल्लीत बारसं होतं. बाळ मांडीवर दिलं तं यानं नाव विचारायच्या आधी त्याचं वजन सांगितलं. आईनं बाळ उचलून नेलं, ते काही परत आणलं नाही.

यात त्याचा दोष नाही. सारी जिंदगी टेशनाच्या पार्सल हापिसात वजनकाट्यापुढं गेली. आंब्याची टोपली असो का कोणाची मोटरसायकल, काट्यावर चढल्याशिवाय तिले भाव नाही. रिटायर झाल्यावर बाकी लोकं घड्याळ अन् शाल घेऊन घरी येतात, हा कायदा घेऊन आला. "वजन दाखव, मंग भाव सांग," हे तो इतक्या वेळा म्हणे, का त्याच्या बायकोनं, ती होती तेव्हा, पोपटाले तेच शिकवलं होतं. पोपट पाहुण्यायले पाहून तेच ओरडे. जाड्या पाहुण्यायले राग येई.

मी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा मदतनीस होतो. चौथी शिकलो, तेही मास्तर चांगला भेटला म्हणून. दामू मॅट्रिक. पण रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात आमचे ओटे समोरासमोर आहेत, अन् ओट्यावर बसलेल्या माणसाची मॅट्रिक कोणी विचारत नाही.

दामूजवळ त्याची नात राहते, मिताली. तिचा बाप, म्हणजे दामूचा पोट्टा, नोकरीपायी कोरब्याले असते. पोट्टी शाळेपासून आजोबाजवळच वाढली. मराठी सारी समजते, पण बोलते हिंदी. तर या पोट्टीले अहमदाबादले डिझाइनच्या कॉलेजात जागा भेटली. मी दामूले विचारलं, "डिझाइन म्हणजे काय बाप्पा?"

"खुर्चीचं चित्र काढतात."

"म्हणजे सुतार?"

"सुताराच्या आधीचा."

कॉलेजवाल्यायनं सांगितलं, येतानी लॅपटॉप घेऊन या, अन् चांगला घ्या, स्वस्तातल्यावर ही चित्रं चालत नाहीत. बाप पैसे पाठवून राहिला होता. दामूनं छातीवर हात मारला. "नातीचा लॅपटॉप आबाजीच घेईन. कोणी मधात पडायचं नाही." कॉलेज सुरू व्हायले थोडेच दिवस राहिले होते.

झालं. तिथून रायपूरच्या दुकानदारायले साडेसाती लागली.

पहिल्या दुकानात मी संग होतो. आत असं थंड, का मले स्वेटर आठवला. काचेच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ठेवले होते, जसे देव्हाऱ्यात देव. दामूनं पिशवीतून ताणकाटा काढला, एक बारीकसा लॅपटॉप उचलून कापडी थैलीत टाकला अन् दिला आकड्याले लटकवून. टायवाला सेल्समन धावत आला.

"अंकल, ये क्या कर रहे हैं?"

"तौल रहे हैं. इसका भाव बोलो."

त्यानं भाव सांगितला. मी बसायले खुर्ची शोधली. दामूनं मंग बाजूचा जाडा लॅपटॉप लटकवला. काटा सर्रकन खाली गेला. त्याचा भाव विचारला तं निम्म्याहून कमी. दामू माझ्याकडे अशा तोऱ्यात वळला, जसा चोर पकडलेला हवालदार.

"पाह्य लखन! ज्याच्यात माल जास्त, तो स्वस्त. ज्याच्यात माल नाही, तो महाग. हा बजार आहे का गारुड्याचा खेळ?"

"अंकल, वही तो प्रीमियम है. स्लिम है ना."

"टायफाइडमधून उठलेला माणूस बी स्लिम असते. त्याले काय हुंडा जास्त भेटते?"

हे तो मराठीत म्हणला, पण टायवाल्याले बराबर समजलं. आमच्या शहरात मराठी बोलत कमी लोकं असतील, टोमणा मात्र सर्वायले समजते.

मंग मेमरीची गोष्ट निघाली. टायवाला म्हणे, जेवढी पाहिजे तेवढी आत्ताच घ्या, नंतर वाढत नाही. अन् जरासी जास्त घ्यायचा भाव असा, का त्यात एक साधा लॅपटॉप घरी यावा. दामू उखडला. "म्हणजे मांडवातच सांगायचं का, लेकरं किती होतील?"

मितालीनं ओढणीत तोंड लपवलं. "आबाजी, प्लीज़! धीरे!"

वरून कळलं का चार्जर वेगळा विकत घ्यायचा. तेव्हा तं दामूनं थैलीच आवरली. "म्हैस विकतो अन् दावं वेगळं विकतो! चाल वं पोट्टी."

आता या भावाबद्दल मले विचाराल, तं दामूचं गणित साफ येड्याचं आहे. मी त्याले ओट्यावरच सांगितलं, "केशर काय कोणी पोत्यानं मोजते? तुझ्या डोक्यात अक्कल तोळाभर, तरी सरकारनं पगार पुरा दिला नं?" हलकी वस्तू बनवायले कारागिरी लागते, तिचा भाव घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार दुसरी आहे. वॅगन कितीही बिघडू दे, आमी तिले खोलत होतो. या लॅपटॉपाचं झाकण मालकानं खोललं तं म्हणे गॅरंटी गेली. मंग तो मालक कशाचा? तो भाडेकरू झाला. भाव घ्यायचा मालकीचा अन् माल द्यायचा भाड्याचा, ही बेइमानी आहे. यावर मी ठाम आहे, कोणी मले समजवायले येऊ नये.

मिताली आली समजवायले. "दादाजी, खोलकर आप करोगे क्या?"

"काही नाही करीन. पण खोलता आलं पाहिजे."

तर असं रोज चाललं. संध्याकाळ झाली का दामू इस्त्रीचा शर्ट घाले, केसाले तेल लावे, स्कूटर काढे अन् मागं पोट्टीले बसवून निघे. रोज नवीन दुकान. रोज दोघं खाली हातानं परत येत. वाटेत गुपचूप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाऊन येत, ते त्यायच्या तोंडावरून दिसे. एका दुकानात म्हणे लाइटच जास्त होते, एवढ्या उजेडात खोट दिसत नाही. एका ठिकाणचा मालक जांभई देऊन राहिला होता. "जो आपल्याच मालापुढं जांभई देते, त्याचा माल काय घ्यायचा?" मी पोट्टीले म्हणलं, "तू काही बोलत काहून नाही?" ती नुसती हसली अन् म्हणली, "चलता है, दादाजी."

मले नाही चाललं. परवा मी ठरवलं, आज सौदा करूनच यायचा. ते स्कूटरवर, मी मागून ई-रिक्षात.

जयस्तंभाजवळच्या दुकानाचा मालक वयस्कर होता, थकलेला. दामूनं ताणकाटा काढला, त्यानं काढू दिला. दामूनं म्हशीचं दावं ऐकवलं, तो हसला. मंग म्हणे, "दादा, आप मेरे बड़े भाई जैसे हो. बोलो, कितना दोगे?" दामूनं भाव पाडून सांगितला, असा का माझीच मान खाली गेली. मालकानं त्याच्याहूनही थोडा कमी केला. चार्जर फुकट. बॅग फुकट. वरून सर्वायले चहा. आता भांडायले काही उरलंच नव्हतं.

दामूनं चहा संपवला, लॅपटॉपाकडे पाहिलं, उठला अन् म्हणला, "रंग बराबर नाही." अन् बाहेर.

रंग राखाडी होता. दामूची स्कूटर राखाडी, प्यांट राखाडी, डोक्यावर जे केस उरले तेही राखाडी. माझं डोकं सरकलं. पोट्टी आत मालकाची माफी मागून राहिली होती, तेवढ्यात मी बाहेर याले गाठलं.

"अबे दामू, तुले लाज आहे का? मागितला त्याहून कमी भाव भेटला. कॉलेज सुरू होऊन राहिलं. पोट्टी तिथं हात हालवत जाईन का? लोकायची पोरं चित्रं काढतील अन् ही काय त्यायचं तोंड पाहीन?"

दामू स्कूटरचा आरसा पुसत होता. आरसा साफ होता.

"लखन, हे घेतलं का ती बॅग भरन."

"भरनच. मंग?"

"मंग संध्याकाळी मी कुठी जाऊ?"

मी कारखान्यात साहेबायले तोंडावर जबाब दिले आहेत. युनियनच्या सभेत माईक हिसकावला आहे. पण तिथं फूटपाथवर मी खिशातून रुमाल काढला. अन् स्कूटरचा दुसरा आरसा पुसायले लागलो.

मिताली बाहेर आली. तिनं किती ऐकलं, किती नाही, मले माहीत नाही. तिनं आबाजीची कॉलर सारखी केली.

"आबाजी, यही अच्छा है. कल सुबह ले लेंगे, अंकल ने अलग रख दिया है. ठीक?"

"हव," दामू हळू म्हणला.

"पर आज एक दुकान और देखनी है. पंडरी वाली, वो कोने पे. ले चलो ना."

पंडरी बजाराच्या कोपऱ्यावरचं ते दुकान मले माहीत आहे. तिथं शिलाईच्या मशिनी मिळतात. लॅपटॉप तिथं कधी नव्हता अन् कधी राहणारही नाही. दामूलेही माहीत आहे. त्याच्या बायकोची मशीन त्यानं तिथूनच घेतली होती.

दामूनं पोट्टीकडे पाहिलं. मंग स्कूटरले किक मारली.

"चाल. तिथं भाव चांगला असते."

दोघं गेले. मी दुसरी ई-रिक्षा पकडली अन् सरळ घरी आलो. पंडरीले माझं काय काम होतं?